पाचवा रकाना

कागदावर रकाने चार.
ताजं: पानं हिरवी, खाली विष्ठा ओली.
नुकतं: हिरव्यात पिवळं शिरलेलं.
जुनं: तपकिरी, पण आकार शाबूत.
कुजलेलं: फांद्यांच्या आरपार आभाळ.

हाजातूनं पहिल्याच दिवशी
जीपच्या बॉनेटवर कागद पसरून हे शिकवलं.
मी मान डोलावत राहिलो.
चिंपांझीच्या घरट्याचं वय ओळखायला
मी बापाच्या खांद्यावर बसून शिकलो होतो,
पण तेव्हा त्याचा पगार मिळत नसे.

बाप शिकारी. साळिंदर मारी, रानडुक्कर मारी,
चिंपांझीवर मात्र बंदूक धरली नाही त्यानं.
म्हणे, आपलेच लोक ते,
कर चुकवायला रानात पळाले
आणि तिथलंच बरं वाटलं त्यांना.

आता ओढ्यापलीकडे खाण आहे.
लाल पठार, आमच्या बोलीत बोवाल,
पावसाळ्यात जिथं गुरं पोटभर चरायची,
ते थराथरानं आगगाडीत बसून समुद्राकडे जातं.
दिवसाला चार गाड्या. त्याही मोजतो मी, सवयीनं.
त्यांचा कागद वेगळा. तो दुसरं कुणी भरतं.

माझं काम ओढ्याच्या अलीकडचं.
दर पंधरवड्याला दोरी धरून सरळ रेषेत चालायचं,
मध्ये काटा येवो, वारूळ येवो.
चिंपांझी काही सरळ रेषेत राहत नाहीत,
असं एकदा बोलून बघितलं.
हाजातू हसली, "पातेकाका, रेषा आपल्यासाठी आहे."

ते स्वतः दिसतच नाहीत.
रोज सांज कलली की नवं अंथरूण,
फांद्या वाकवून एकीत एक अडकवायच्या,
वर कोवळी डहाळी, कुशीत पिल्लू,
आणि उजाडलं की सगळं तिथंच टाकून पुढं.
मी घरं मोजत नाही.
रात्री मोजतो.

मार्चच्या फेरीत, लेंगेच्या झाडावर,
अर्धंच दिसलं एक.
तीन फांद्या वाकवलेल्या,
चौथी मोडून सालीवर लोंबत.
पानं अंथरलेली नाहीत. खाली विष्ठा नाही.
कुणी झोपलंच नव्हतं तिथं.

सुरुंगाची वेळ दुपारी चारची.
त्या आठवड्यात कसलंसं यंत्र बिघडलं,
म्हणून सव्वासहाला उडाला. तीन दिवस.
खाणीच्या वहीत तसं लिहिलेलं आहे,
धूळ किती, हादरा किती, सगळं नीट आकड्यांत.

विचारलं, हे कुठल्या रकान्यात?
ताजं म्हणू? पण यात रात्र नाही.
हाजातूनं कागद उलटा केला, सुलटा केला.
"लिहू नका. हे घरटं नाही."
मग हेल्मेट काढून
मान दुखेपर्यंत वर बघत राहिली.

त्या रेषेवर आणखी दोन सापडली.
तिन्ही ओढ्याच्या अंगाला.
कागदाच्या कडेला, जिथं काही छापलेलं नाही,
मी पेन्सिलीनं तीन रेघा ओढल्या.
साहेबांच्या खोडरबराला भिऊन जरा दाबूनच.

मे महिन्यात नवे कागद आले.
छापील रकाने चारच,
पण प्रत्येक कागदावर पट्टी लावून
हातानं मारलेली एक उभी रेघ जास्तीची.
रेघेच्या माथ्यावर जागा कोरी.
शाई एके ठिकाणी फिसकटलेली.
"याला नाव काय द्यायचं?" हाजातूनं विचारलं.
सगळी रात्र बसली असावी, डोळे लाल होते,
किंवा धुळीनं असतील.

मी म्हटलं, लिही, 'उठवलेलं'.
"कंपनीला कळेल हा शब्द?"

न कळायला काय झालं.
खालचं गाव उठवलं तेव्हा
त्यांच्याच कागदावर होता तो.

तिनं लिहिलं.
पलीकडून तिसरी गाडी गेली,
आम्ही दोघं गप्प उभे राहिलो
डबे संपेपर्यंत.
मग दोरीचं टोक तिच्या हाती दिलं
आणि मी वारुळाला वळसा न घालता
सरळ चालू लागलो.